संगणकाची झाडलोट मध्येच थांबली तर

संगणकाची तबकडी, म्हणजे ज्याला आपण हार्ड डिस्क म्हणतो ती, भरत आली की यंत्र मंदावते, नवे अपडेट घेण्यास नकार देते आणि शेवटी साधे पत्र जतन करतानाही कुरकुरते. अशा वेळी विंडोज या प्रणालीतच झाडलोटीची सोय असते, तिचे नाव डिस्क क्लीनअप. ती सुरू करावी, चौकटींत खुणा कराव्यात आणि चहा पिऊन यावे, एवढेच काम. परंतु पुष्कळदा असे होते की चहा होतो, दुसरा चहाही होतो, आणि पडद्यावरील हिरवी पट्टी जेथे होती तेथेच उभी असते. मग आपण काय करतो? यंत्राचे बटण दाबून धरतो. प्रस्तुत लेख त्या बटणाकडे जाणारा हात थोडा वेळ थांबावा म्हणून लिहिला आहे.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. संगणकशास्त्र माझा विषय नव्हे, आणि माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाल्यामुळे पडद्यावरील इंग्रजी सूचना मला आरंभी दोनदा वाचाव्या लागत. त्याचा एक फायदा झाला. जो दोनदा वाचतो तो घाईने ‘ओके’ दाबत नाही. विज्ञान शाखेच्या मित्रांना या लेखात नवे काही सापडणार नाही कदाचित. पण हिशेब लिहिणाऱ्याच्या नजरेने ही गोष्ट पाहिली तर ती सोपी होते, असा माझा अनुभव आहे.

प्रथम हे साधन काय आहे ते पाहू. डिस्क क्लीनअप विंडोज ९८ पासून आहे. २०१८ च्या अखेरीस, विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीबरोबर, ते निवृत्तीच्या यादीत घालण्यात आले. यापुढे त्यात सुधारणा होणार नाही, ‘स्टोरेज सेन्स’ ही नवी सोय वापरावी, असा त्याचा अर्थ. तरी निवृत्त झालेला जुना मुनीम जसा रोज पेढीवर येऊन बसतो तसे ते विंडोज ११ मध्येही शोधले की सापडते. विंडोजची खूण असलेली कळ दाबून धरून आर दाबावा आणि येणाऱ्या लहान खिडकीत सी-एल-ई-ए-एन-एम-जी-आर ही अक्षरे इंग्रजीत टंकावीत, की ते हजर.

आता ते अडकते का? आपल्याला वाटते की एकच कार्यक्रम सगळी सफाई करतो. वस्तुस्थिती निराळी आहे. क्लीनअप हा केवळ मुकादम आहे. त्याच्या हाताखाली प्रत्येक प्रकारच्या कचऱ्यासाठी वेगळा गडी असतो: एक तात्पुरत्या फायली पाहतो, एक केराची टोपली, एक चित्रांच्या लहान नकला, एक जुन्या अपडेटचे अवशेष. मुकादम आरंभी प्रत्येकाला विचारतो, ‘तुझ्याकडे किती निघेल?’ आणि सगळ्यांची उत्तरे आल्यावर यादी दाखवतो. ‘किती जागा मोकळी होईल याचा हिशेब चालू आहे’ अशी जी खिडकी प्रथम दिसते ती हीच. यांपैकी एका गड्याने जरी उत्तर दिले नाही तरी मुकादम त्याच्या तोंडाकडे पाहत उभा राहतो. पुढच्याला विचारीत नाही.

याचे जुने उदाहरण विंडोज एक्सपीमधले आहे. तेव्हा यादीत ‘जुन्या फायली दाबून लहान करणे’ अशी एक ओळ होती. पन्नास दिवसांत ज्या फायलीला हात लागला नाही ती जुनी, असा तिचा नियम. हे ठरवण्यासाठी तबकडीवरच्या फायली एकेक तपासाव्या लागत, आणि बहुतेक लोकांचे क्लीनअप नेमके याच ओळीवर गोठून बसे. त्यावर उपाय म्हणून जाणकार लोक रजिस्ट्री या प्रणालीच्या नोंदवहीतून त्या एका गड्याचे नावच खोडून टाकीत. बाकीचे गडी मग सुरळीत काम करीत. रोग मुकादमाला नसतो, हाताखालच्या कोणा एकाला असतो, हे यावरून दिसते. आणि दुरुस्तीची दिशाही त्यातच आहे. कोण अडकला ते शोधावयाचे.

अलीकडच्या यंत्रांवर सर्वांत जास्त वेळ घेणारा गडी म्हणजे जुन्या अपडेटची सफाई करणारा. ही सोय विंडोज ७ ला २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये एका अपडेटद्वारे मिळाली. विंडोजच्या घरात विनएसएक्सएस नावाचे एक कोठार असते. नवे अपडेट आले की जुना भाग लगेच फेकला जात नाही. न जाणो, नवे बिघडले तर परत जाता यावे म्हणून तो या कोठारात राहतो. हे कोठार उघडून पाहिले तर आकार पाहून छाती दडपते. पण तो आकडा फसवा असतो. तेथील पुष्कळ फायली प्रत्यक्षात एकदाच तबकडीवर असतात आणि दोन ठिकाणी त्यांची नावे लागलेली असतात. एकच माल दोन वह्यांत चढला आणि बेरीज करताना दोनदा धरला, तसा प्रकार. म्हणून या कोठारात शिरून हाताने काहीही पुसू नये. कोणता भाग खरोखर निरुपयोगी झाला हे ठरवणे, तो काढणे किंवा दाबून लहान करणे, हे काम त्या गड्याचेच. आणि ते किचकट असल्यामुळे त्याला तास दोन तास सहज लागू शकतात. त्या वेळात हिरवी पट्टी पुष्कळदा हलत नाही. पण पट्टी हलत नाही म्हणजे काम थांबले असे नव्हे. गैरसमजाचे मूळ येथे आहे.

मला हे सारे समजले ते मध्य प्रदेशातील लोधीखेड्याला. आपल्या सीमाभागातील वाचकांना हे गाव परके वाटेल. नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे जाताना महाराष्ट्राची हद्द संपली की सौंसर तालुक्यात हे लागते. २०२३ पर्यंत ते छिंदवाडा जिल्ह्यात होते, आता नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. कचेरीची भाषा हिंदी, बाजारातली मराठी. आपल्याकडे जसे कानडी आणि मराठी एकाच तोंडात नांदतात तसे तिकडे हिंदी आणि नागपुरी वळणाची मराठी नांदते. माझ्या थोरल्या बहिणीचे ते सासर. दाजी कोल्हापूरची नोकरी सोडून गावी परतले आणि बसथांब्याजवळ त्यांनी ऑनलाइन अर्ज भरण्याचे दुकान टाकले. समग्र आयडी, खसऱ्याची नक्कल, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज असले सगळे काम. एक संगणक, एक स्कॅनर, एक छपाईयंत्र. संगणकावर विंडोज १०, तेही कित्येक वर्षांपूर्वीचे, कारण तबकडीत जागा नसल्यामुळे पुढचे अपडेट शिरतच नव्हते. आणि अपडेट शिरत नाही म्हणून दाजींनी क्लीनअप लावलेले.

मी गेल्या उन्हाळी सुट्टीत गेलो तेव्हा दुकानात पाचसहा माणसे बाकावर बसून होती. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दोन दिवसांवर. पडद्यावर ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ ही ओळ आणि न हलणारी पट्टी. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने विचारले, “अटकलं काहो हे?” दाजी म्हणाले, “तासभर झाला. आता बंदच करतो.” मी म्हणालो, “दाजी, पाच मिनिटे द्या. अटकलं की काम करतंय ते आधी बघू या.”

हे बघण्याची रीत अशी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तिन्ही कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागातून रिसोर्स मॉनिटर उघडावा आणि त्यात डिस्क हे पान पाहावे. कोणता कार्यक्रम तबकडीवर किती वाचतो, किती लिहितो, याची ती चालू खतावणीच आहे. क्लीनअपचे नाव तेथे स्तब्ध दिसले तरी हरकत नाही. शोधावयाचे नाव वेगळे: टी-आय-वर्कर. कोठाराचे खरे काम करणारा गडी तो. त्याच्या समोरचे आकडे बदलत असतील तर काम चालू आहे. आकडे एकदा पाहून भागत नाही. रोजकीर्दीत लिहितो तसे वेळ आणि आकडा कागदावर टिपावा, दर पाच मिनिटांनी, निदान तीन वेळा. नजरेला दिसणारी हालचाल आणि कागदावरचा फरक यांत कागदावर विश्वास ठेवावा. जुन्या यंत्राच्या पुढच्या बाजूला तबकडीचा लहान दिवा असतो, तो मधून मधून लुकलुकतो की अखंड विझलेला आहे हेही पाहावे. पण दिवा कोणाच्या कामासाठी पेटला ते सांगत नाही, म्हणून तो दुय्यम पुरावा.

दाजींच्या यंत्रावर टी-आय-वर्करचे आकडे तिन्ही वेळा निरनिराळे निघाले. मी त्यांना कागद दाखवला. कागद पाहिल्यावर ते बटणापासून दूर झाले आणि बाकावरच्या मंडळींना दुपारी यावयास सांगितले. ही साधी गोष्ट नव्हे. दोन गिऱ्हाइके दुसऱ्या दुकानात गेली. तिथून पुढे पाऊण तासाने पट्टी एकदम सरकली आणि खिडकी मिटली. यंत्र पुन्हा सुरू करताना थोडा वेळ आणखी गेला, कारण सफाईचा शेवटचा हप्ता तेव्हाच पुरा होतो. तेथेही वीज तोडू नये. साडेसहा गिगाबाइट जागा मोकळी झाली.

मध्येच वीज तोडली असती तर काय झाले असते? कदाचित काहीच नाही. कदाचित कोठारातली एखादी नोंद अर्धवट राहिली असती आणि पुढचे प्रत्येक अपडेट त्या अर्धवट नोंदीला अडखळले असते. उधारीच्या वहीत जमा लिहिली आणि नावे लिहिण्यापूर्वी दिवा गेला, तसे. चूक शोधायला मग ताळेबंदापर्यंत मागे जावे लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्यापूर्वी आम्ही उरलेली सफाई करावयास बसलो. दाजी म्हणाले, “आता सगळ्याच चौकटींवर खुणा करून टाक.” मी यादी वरून खाली वाचू लागलो. त्यात एक ओळ ‘डाउनलोड्स’ अशी होती, समोर अकरा गिगाबाइट. सर्वांत मोठा आकडा तोच, म्हणून सर्वांत मोठा कचरा तोच, असे कोणालाही वाटावे. पण तेथे तीन वर्षांत लोकांनी आणून दिलेले, मोबाइलवरून पाठवलेले, संकेतस्थळांवरून उतरवलेले दाखले होते. त्यांपैकी कितीतरी जणांकडे दुसरी प्रत नव्हती. ही ओळ विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीत यादीत आली आणि २०२० च्या मे महिन्यातील आवृत्तीत काढून टाकली गेली. तिच्यावर आपोआप खूण केलेली नसे हे खरे. परंतु ‘सगळ्याच चौकटी’ म्हणणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग? ज्यांच्या यंत्रावर अजून त्या काळातली आवृत्ती आहे त्यांनी ही ओळ डोळे उघडे ठेवून वाचावी. क्लीनअपने पुसलेले केराच्या टोपलीत शोधून सापडत नाही.

येथे एक विषयांतर. आपल्या कानडी विभागाच्या मित्रांच्या भाषेत ‘कस’ म्हणजे केरकचरा. आपण मराठीत ‘कस’ म्हणतो ते सोन्याचा, जमिनीचा. म्हणजे जे मोलाचे ते. एकच शब्द, निपाणीच्या बाजारात दहा पावलांवर अर्थ उलटा. यंत्राची भाषा यांपैकी कोणतीच नसल्यामुळे त्याला दोन्ही अर्थ सारखे. असो.

ते दाखले आम्ही एका बाहेरच्या तबकडीवर हलवले. वर्षवार आणि गाववार खण पाडले: लोधीखेडा, सौंसर, रामाकोना. त्यात सकाळचे तीन तास गेले. खरे तर लोकांची कागदपत्रे दुकानदाराने वर्षानुवर्षे ठेवूच नयेत, काम होताच त्यांना देऊन पुसावीत, असे माझे मत आहे आणि मी ते दाजींना बोलून दाखवले. दाजी म्हणाले, “अरे, तोच माणूस सहा महिन्यांनी येतो आणि विचारतो, माझा कागद असेल ना तुमच्याकडे.” या प्रश्नाचा निकाल आमच्यात लागला नाही.

मग फक्त ‘तात्पुरत्या फायली’ या एका ओळीवर खूण करून क्लीनअप चालवले. आणि ते पुन्हा थांबले. मी कागद घेतला. या वेळी तिन्ही नोंदींत क्लीनअपसमोर शून्य, टी-आय-वर्कर यादीत नाहीच, दिवा विझलेला. हे मात्र खरे अडकणे.

खऱ्या अडकण्यावर उपाय क्रमाने करावेत, सोपा आधी. कोठाराचे काम चालू नाही याची खात्री झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये केवळ क्लीनअपची ओळ निवडून ‘एंड टास्क’ करावे. तात्पुरत्या फायली एकेक करून पुसल्या जातात, त्यामुळे शंभरातील चाळीस गेल्या आणि साठ राहिल्या तर काही बिघडत नाही. त्यानंतर चालू असलेले सगळे कार्यक्रम बंद करावेत आणि तो खण हाताने रिकामा करावा. विंडोज-आर दाबून टक्क्याची खूण, टी-ई-एम-पी ही चार अक्षरे आणि पुन्हा टक्क्याची खूण, मध्ये जागा न सोडता टंकावी. वाणिज्यवाल्यांना टक्का कोठे आहे ते सांगावयास नको. जो खण उघडतो त्यातले सारे तात्पुरते असते. दाजींच्या यंत्रात स्कॅनरने केलेल्या बारीक बारीक फायलींचा एवढा ढीग निघाला की खण उघडून नावे दिसावयासच काही मिनिटे लागली. ढीग एकदम न उचलता थोडा थोडा पुसला. दोन फायली ‘वापरात आहेत’ म्हणून अडून बसल्या. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर त्याही गेल्या. तदनंतर तेच क्लीनअप मिनिटभरात पुरे झाले.

एवढ्याने भागले नाही तर एकेका ओळीवर खूण करून क्लीनअप पुन्हा पुन्हा चालवावे. ज्या ओळीवर थांबते तो आपला गुन्हेगार. वाटेल त्या संकेतस्थळावरून सफाईचे फुकट कार्यक्रम उतरवण्याचा मोह या टप्प्यावर होतो. तो आवरावा. घरची मोलकरीण आजारी पडली म्हणून रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला तिजोरीसकट घर झाडावयास कोणी देत नाही.

गुन्हेगार अपडेटची ओळ असेल आणि टी-आय-वर्करही खरोखर निपचित असेल, तर कोठारच दुरुस्त करावे लागते. कमांड प्रॉम्प्ट ही काळी खिडकी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ असे म्हणून उघडावी. पुढील शब्द इंग्रजी अक्षरांत टंकावयाचे. तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या कळेवरची, आणि प्रत्येक तिरक्या रेघेपूर्वी एक जागा सोडावयाची. पहिली आज्ञा: डीआयएसएम, तिरकी रेघ ऑनलाइन, तिरकी रेघ क्लीनअप-इमेज, तिरकी रेघ रिस्टोअरहेल्थ. हिला इंटरनेट लागते, कारण बिघडलेल्या भागांच्या चांगल्या प्रती ती अपडेटच्या मार्गाने आणते. ती पुरी झाल्यावर दुसरी: एसएफसी, तिरकी रेघ स्कॅननाऊ. ही प्रणालीच्या फायली तपासून कोठारातील प्रतीवरून दुरुस्त करते. कोठारच नासलेले असेल तर दुसरी आज्ञा कोणत्या तोंडाने दुरुस्ती करणार? म्हणून हा क्रम उलटा करू नये. शेवटी पहिल्याच आज्ञेत रिस्टोअरहेल्थच्या जागी स्टार्टकंपोनंटक्लीनअप घालावे. क्लीनअप जे करू पाहत होते तेच हे करते, मुकादम वगळून थेट गड्याला सांगून.

विंडोज हे काम फुरसतीच्या वेळी आपण होऊनही करते. पण तेव्हा अपडेट आल्यावर निदान तीस दिवस थांबून, आणि एका वेळी एक तासाची मर्यादा पाळून. आज्ञा दिल्यावर ही दोन्ही बंधने राहत नाहीत. म्हणून ज्याच्याकडे घाई नाही त्याने यंत्र एखादी रात्र नुसते चालू ठेवले तरी पुष्कळ काम होते. या आज्ञेला ‘रिसेटबेस’ असे एक शेपूट जोडता येते. ते जोडले तर आतापर्यंत आलेले अपडेट काढून मागे जाण्याचा रस्ता बंद होतो. जागा थोडी अधिक मिळते. माझ्या मते विद्यार्थ्याने ते जोडू नये.

तबकडीच म्हातारी झाली असेल, तिच्यातून टकटक असा आवाज येत असेल, किंवा कोणतीही फाइल उघडताना यंत्र गोठत असेल, तर वरील सर्व गोष्टी बाजूला ठेवून प्रथम आपली कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. तपासणी नंतर. तबकडी तपासणारी सीएचकेडीएसके ही आज्ञा आजारी तबकडीला फार दमवते, आणि दमता दमता तिने प्राण सोडला तर प्रत उतरवण्याची संधी जाते. प्रत हाती आल्यावर त्या आज्ञेपुढे सी, विसर्गासारखी दोन टिंबे, जागा आणि तिरकी रेघ स्कॅन असे टंकावे; यंत्र बंद न करता तपासणी होते.

ज्यांचे यंत्र नवे आहे त्यांनी सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्याखाली स्टोरेज पाहावे. स्टोरेज सेन्स तेथे आहे. ते नियमाने थोडी थोडी सफाई करते, त्यामुळे ढीगच साचत नाही. मात्र तेथेही डाउनलोड्सच्या फायली किती दिवसांनी पुसाव्यात असा एक रकाना आहे. त्यात ‘कधीच नाही’ असे आहे ना, ते स्वतः उघडून पाहून घ्यावे. दुसऱ्याने लावून दिलेल्या यंत्रावर तर अवश्य.

आणखी एक. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. अशा यंत्रावर जागा मोकळी करून अपडेट घ्यावयाचे म्हणजे जे मागे राहून गेले तेवढेच घ्यावयाचे. पुढचा विचार वेगळा करावा लागतो. दाजींचे यंत्र विंडोज ११ ला लागणाऱ्या अटींत बसत नाही. तबकडीवरची जागा सध्या पुरेशी आहे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज त्या दोन दिवसांत भरून झाले. नवे यंत्र कर्जाने घ्यावे की वर्षभर थांबावे याचा हिशेब ताईने मला पत्करावयास लावला आहे. त्यात घसारा किती टक्के धरावा यावर दाजींचा आणि माझा फोनवर वाद चालू आहे.